मामांसाठी ऊन

माझ्या बायकोच्या मामांइतका सूर्याच्या हात धुऊन मागे लागलेला माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. सूर्य दिसल्याशिवाय अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हा त्यांचा नेम. वाळवंटात राहणाऱ्याने असा नेम धरावा, तर एक वेळ ठीक. मामा राहतात मालवणजवळ कट्टा गावात, जिथे आषाढात हरवलेली म्हैस सापडते, पण सूर्य सापडत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात मी त्यांच्या घरी गेलो, तर पानावर भात वाढलेला आणि मामा छत्री घेऊन कौलांवर. गळती काढत असतील म्हणून मी शिडी धरायला धावलो. बायको शांतपणे म्हणाली, मामा सूर्य शोधतायत. मी जो हादरलो, तो अजून पुरता सावरलेलो नाही.

मामा बसवर ड्रायव्हर होते. सूर्य डोकावला रे डोकावला की गाडी भर चढणीला थांबायची, मामा उतरून हात जोडायचे आणि तिथेच डबा उघडायचे. मला वाटलं होतं, प्रवासी भांडत असतील. छे! अख्खी गाडी खिडक्यांतून माना बाहेर काढून मामांसाठी आभाळावर पाळत ठेवायची.

पण या नेमाला हसायची सोय नव्हती. मामांची एकुलती एक लेक तान्ही असताना तापाने फणफणली, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा मामींनी लेकीच्या जिवासाठी हा नेम धरला. लेक वाचली. पुढे लेक नोकरीसाठी दूर गेल्यावर मामी गेल्या, आणि दिवसकार्य उरकल्याबरोबर मामांनी त्यांचा नेम आपल्या अंगावर घेतला. लेकीला मात्र कळू दिलं नाही. मी एकदा मामींच्या या नवसाचा विषय काढला, तर म्हणाले, "तिना बोललला, तां मी कसा मोडू?"

लेक नर्स. नॉर्वेच्या पार उत्तरेला, समुद्रकाठच्या एका गावात तिने संसार थाटलेला. ती दर वर्षी जूनमध्ये बोलवायची आणि मामा दर वर्षी नाही म्हणायचे, कारण जून म्हणजे पाऊस. मग तिला दिवस गेले, बाळंतपण हिवाळ्यात येणार असं ठरलं, आणि मामांची कळी खुलली. "थंडयेत आभाळ कसला? थंडयेत ऊन पडताच," ते म्हणाले. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्याकडे हिवाळा म्हणजे आंब्याच्या मोहोरावर पडणारं लख्ख ऊन. तो दुसरीकडे वेगळा असेल, असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

नॉर्वेत उतरल्यावर त्यांचा जावई त्यांना किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या बोटीने घेऊन निघाला. बोट प्रत्येक बंदराला लागते हे पाहून मामा खूश. त्यांनी तिचं नाव दर्यातली एसटी ठेवलं. डोंगर बर्फाने पांढरेफटक, पण समुद्र गोठलेला नाही, दक्षिणेकडून येणाऱ्या उबदार पाण्यामुळे बंदरं उघडी राहतात, हे सगळं त्यांनी मला फोनवर कौतुकाने सांगितलं. पहिल्या दिवशी सूर्य दुपारी डोंगरावर आला. दुसऱ्या दिवशी नुसती तांबडी कड दिसली. मग एकदा त्यांचा मला फोन आला, "जावयबापू, हंय सूर्य इलो नाय." मी म्हटलं, ढग असतील. ते म्हणाले, आभाळ स्वच्छ आहे, चांदण्या दिसतायत, आणि बोटीवरचे लोक सांगतायत की आता सूर्य जानेवारी सरताना येईल.

जानेवारी सरताना! आमचा आषाढसुद्धा इतका निर्दय नसतो. आणि जूनमध्ये गेले असते तर तिथे सूर्य मावळतच नाही म्हणे. मामांना रात्रंदिवस जेवता आलं असतं.

दोन दिवस मामा नुसतं पाणी पिऊन राहिले. लेकीला सांगितलं, बोट लागली, जेवण जात नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, म्हणजे त्यांच्या सकाळी, त्यांनी मला माझ्या कट्ट्यातल्या दुकानातून बाहेर काढलं आणि विचारलं, "तुमच्याकडे ऊन आसा मा? मगे दाखवा." फोनवरचा सूर्य चालेल का, असं मी चाचरत विचारलं. मामा म्हणाले, आता कोर्टात साक्षसुद्धा फोनवर चालते. तेव्हापासून रोज दुपारी मी कट्ट्याच्या बाजारात फोन आभाळाकडे धरून उभा. समोरच्या रिक्षावाल्यांनी आधी माझ्या बायकोकडे काळजीने चौकशी केली, मग तेही वेळेवर आठवण करू लागले.

आणि नेमक्या एका दिवशी आमच्याकडे अवकाळी मळभ आलं. तिकडे बर्फाने घाट बंद. बर्फ ढकलणाऱ्या गाडीमागून रांगेने जाऊन लेकीला इस्पितळात पोचवलेलं. लेक आत होती, बाळ अडलं होतं. मामांचा आवाज मी कधी तसा ऐकला नव्हता. "चेडू आत आसा. सूर्य दाखवा," एवढंच ते म्हणाले. मी स्कूटर काढली. कुडाळला मळभ, पुढेही मळभ. सावंतवाडीच्या तलावाशी पोचलो तेव्हा ढगाला जरा फट पडली. मी फोन वर धरला. पलीकडे मामांनी हात जोडले आणि खिशातून पावाचा तुकडा काढून खाल्ला. मी भर रस्त्यात रडत होतो. संध्याकाळी निरोप आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप.

जानेवारी सरत आला तेव्हा एका दुपारी फोन आलाच नाही. मी कासावीस. संध्याकाळी मामा बोलले. सूर्य येणार म्हणून सगळा गाव टेकडीवर जमला होता, प्रत्येकाच्या हातात गोड पाव होता, आणि सूर्याची कड दिसेपर्यंत कुणी घास तोडला नव्हता. "अख्खो गाव थांबललो हो," मामा पुन्हा पुन्हा सांगत होते. लेकीला त्यांनी तिथेच सगळं सांगितलं होतं. ती आईच्या आठवणीने खूप रडली आणि मग तिने आपल्या हाताने त्यांना पाव भरवला. फोन ठेवताना मामा म्हणाले, "आता तुमी सावलेत बसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सवयीने दुकानाबाहेर येऊन उभा राहिलो. ऊन नेहमीसारखंच लख्ख होतं. ते बघायला कुणी नव्हतं, म्हणून थोडा वेळ मीच त्याच्याकडे बघत राहिलो.