व्यापाऱ्याच्या घरातला नोकर

लेकीचा घसा लाल असू दे, असं साकडं कुठला बाप देवाला घालतो? डॉ. धैर्यशील निंबाळकरांनी घातलं. बॅटरी मारून पाहिलं, तर ऋग्वेदाचा घसा स्वच्छ. कपाळही गार.

"बाबा, आय ॲम फाइन! टुडे इज द ट्रिप!" म्हणत ती पळाली.

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावाहून तिचा वर्ग वेलिंग्टनला एका जुन्या लोकर-व्यापाऱ्याचं घर बघायला चालला होता. घर जेमतेम सव्वाशे वर्षांचं, पण या देशाच्या हिशेबात ते मध्ययुगच! आता तिथं संग्रहालय होतं, आणि जुन्या काळचा नोकर बनून पाहुण्यांना घर दाखवायचे ते आपले डॉक्टरच. कऱ्हाडचा चालता दवाखाना मोडून आले, इथली परीक्षा दोनदा नापास झाले. लेकीला मात्र सांगितलेलं, बाबा हॉस्पिटलात जातात. "पास झालात की खरंच होईल ते," बायको कांचन म्हणायची. तिची नोकरी सुटल्यापासून घर याच पगारावर चाललं होतं.

रजेसाठी त्यांनी आदल्या दिवशी विनवण्या केल्या होत्या. उद्या आला नाहीत तर परत येऊच नका, असं व्यवस्थापक बाईंनी तोडून टाकलं.

काळा कोट, पांढरे हातमोजे घालून डॉक्टर दारात उभे राहिले. पोरं आत शिरली. ऋग्वेदानं वर पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

त्यांनी दिवाणखाना दाखवला. मालकानं घंटा वाजवली की नोकर कसा धावत यायचा, तेही धावून दाखवलं. पोरं खिदळली. धरणीनं पोटात घ्यावं, असं डॉक्टरांना झालं.

"ऋग्वेदाज डॅड इज इंडियन टू!" एक मैत्रीण ओरडली. "ही इज अ डॉक्टर!"

मग तुम्ही ओळखत असाल त्यांना, शिक्षिकेनं डॉक्टरांना कौतुकानं विचारलं. दोन भारतीय एकमेकांना ओळखतातच, अशी इथल्या लोकांची भाबडी समजूत.

आता खरं सांगून मोकळं व्हावं. डॉक्टरांनी तोंड उघडलं.

"नो," ऋग्वेदा आधी म्हणाली. "ही डझन्ट नो माय डॅड."

डॉक्टरांनी मान खाली घालून स्वयंपाकघराचं दार उघडून धरलं. एकेक पोर आत गेलं. त्यांच्यासमोरून जाताना ऋग्वेदा "थँक यू" म्हणाली, बाकीच्या मुलांसारखंच, दार धरणाऱ्या नोकराला.