'येतो'चं बटण

आमच्या कारखान्यातले किस्से स्पॅम फोल्डरमधल्या मेलसारखे साठत गेलेत. बघायला कुणाला वेळ नाही, म्हणून मीच उघडते.

मी रोह्याहून एसटीने पेणला येते. रामवाडीतल्या एका गणपतीच्या कारखान्यात ईमेल सांभाळते. परदेशातली गिऱ्हाईकं मेल बघून मूर्तींची ऑर्डर देतात. त्या मूर्तींच्या डोळ्यांची आखणी मंदाताई करते. ऑर्डर आली तरच तिला काम.

*

शेठनी कुठूनतरी हजारो ईमेल पत्ते आणले. मी म्हटलं, "अनोळखी लोक तक्रार करतील. मग आपलं डोमेन, म्हणजे मेलवरचं कारखान्याचं नाव, स्पॅमवाल्यांच्या काळ्या यादीत जाईल आणि ओळखीच्यांनाही मेल पोचणार नाय."

"गणपतीचा मेल हाय. तक्रार कोण करील?"

*

मेल नको असणाऱ्यांसाठी खाली बटण द्यावं लागतं. मी त्यावर 'मला वगळा' लिहिलं. शेठ वैतागले.

"गणपतीच्या दारातून कुणी जातो म्हणतं काय गो? 'येतो' लिही."

लिहिलं. 'येतो' एकानेही दाबलं नाही. सगळ्यांनी 'स्पॅम' दाबलं. तीन दिवसांत आम्ही काळ्या यादीत.

कारखानाभर सगळे हसले. मंदाताई सोडून.

*

रोह्याच्या एका व्यापाऱ्याला मेल पोचेना. शेठ म्हणाले, "प्रिंट काढ, घरी जाताना देऊन टाक." ईमेल एसटीने नेणारी मीच असेन. व्यापारी म्हणाला, "स्पॅममध्ये दिसला होता, पण खरा वाटला नाय."

*

काळ्या यादीतून काढा म्हणून ती यादी ठेवणाऱ्यांकडे अर्ज केला. काय चुकलं ते खरंखरं लिहिलं. महिन्याभराने नाव निघालं. मी पेढे आणले.

पेढा खाऊन शेठनी त्याच हजारो पत्त्यांना मेल टाकला, 'आम्ही आता स्पॅम नाही.'

दुसऱ्या दिवशी परत यादीत. माझ्या तोंडात शिवी आली होती, पगार आठवून गिळली.

*

मग परदेशातल्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "यंदा तुमचं काहीच आलं नाही, म्हणून मूर्ती दुसरीकडून घेतल्या."

शेठनी मंदाताईला बोलावून सांगितलं, यंदा काम नाय. तिने ब्रश धुतले, पुसले, पिशवीत भरले. दारात म्हणाली, "जाते."

"जाते म्हणू नये गो. येते म्हणावं."

मंदाताई चपला घालत होती. "ते बटण कोणी दाबलं नाय, शेठ," म्हणाली आणि गेली.