सहा इंची की आठ इंची?

गेल्या महिन्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर मतदान झालं. विषय काय, तर बर्फात भोक पाडायचं ऑगर सहा इंची घ्यावं की आठ इंची... आणि मतदार कोण, तर फ्रीजमधल्या बर्फापलीकडे बर्फ न पाहिलेले आम्ही मध्य प्रदेशातले बालाघाटवाले.

माझा धाकटा भाऊ निखिल कॅनडात असतो. तिथे थंडीत अख्खं तळं गोठतं. मग लोक बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडतात आणि स्टूल टाकून बसून राहतात. भोक पाडायला हातानं फिरवायचं ऑगर लागतं, आपल्या सुताराच्या गिरमिटासारखंच, फक्त कमरेपेक्षा उंच. साहेबांना ते विकत घ्यायचं होतं, म्हणून पोल.

मग काय विचारता! किरनापूरचे काका, लांजीचा मावसभाऊ, गोंदियाची आत्या, सगळे एका रात्रीत इंजिनीअर झाले. इकडे शेतात बोअर मारताना जो तो मोठ्या पाइपच्याच मागे असतो, त्याच हिशेबानं सगळ्यांनी आठवर बोट दाबलं. काकांनी तर लिहिलं, सहाचा बोअर फसते, आठचाच घे बेटा. तळ्याला बोअर मारायला निघाले होते काका...

मी मत दिलं नाही. माझं डोकं फिरलं होतं. बाबांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा याला रजा नव्हती, दिवाळीत रजा नव्हती, आणि मासे धरायला मात्र बरोब्बर लाँग वीकएंड जोडून रजा मिळाली होती.

तरी संध्याकाळी बाबांना चहा पाजताना सहज तो पोल वाचून दाखवला. खरं तर चिडून वाचला.

झटक्यानंतर बाबा बोलतच नाहीत फारसे. जीभ चालते, पण मन नसतं. काहीही विचारा, हौ किंवा नको, संपलं. मी दिवसभर एकटीच बडबडत असते त्यांच्याशी... भाजी काय करू, टीव्ही लावू का, उजेड येतोय का डोळ्यावर. हौ. नको.

पण त्या दिवशी त्यांनी चहाचा कप बाजूला करायला लावला आणि विचारलं, "बरफ जाड केवढा आहे?"

बाबांची सगळी नोकरी सरकारी खात्यात हातपंप बसवण्यात गेली. सुरुवातीला माती तपासायला ते स्वतः हातानं ऑगर फिरवायचे. त्यांनी मला निखिलला एकेक प्रश्न विचारायला लावला... बर्फ किती, मासा केवढा, फिरवणार कोण. उत्तरं लगेच आली. बर्फ दीड फूट, मासे वीतभर, फिरवणार तो स्वतः.

मग बाबा कितीतरी वेळ बोलले. अडखळत, लाळ पुसून घेत, पण बोलले. वीतभर मासा सहाच्या भोकातून आरामात वर येतो. दोन इंच वाढले की जोर जवळजवळ डबल लागतो. पातं धारदार असलं तर रेटायचं नाही, नुसतं फिरवत राहायचं. आणि निखिलचा खांदा कच्चा आहे, बारावीत क्रिकेट खेळताना निखळला होता, म्हणून आठचं अजिबात नको.

मी ते सगळं टाइप केलं. उत्तरादाखल एक अंगठा आला.

त्या अंगठ्यावर बाबा किती खूश झाले म्हणून सांगू... रात्री पांघरूण घालताना मला म्हणाले, "इतक्या दूर गेला, पन अजून मले इचारते." मला फार लागलं ते. दिवसभर मी जे विचारते ते विचारणं नसावं बहुतेक.

तो पोल त्यानं बाबांना विचारलेलाच नव्हता, तो सगळ्या गावाला विचारला होता. पण हे कोणत्या तोंडानं सांगणार त्यांना?

दोन दिवसांनी ग्रुपवर फोटो आला. लाल रंगाचं कोरं ऑगर, खाली लिहिलेलं, "आठवाला ले लिया, थँक्यू ऑल!" काकांनी फुलं पाठवली. बाबा रोज विचारायचे, घेतलं का. मी सांगितलं, हौ बाबा, सहाचंच घेतलं.

परवा निखिलचा व्हिडिओ आला. पांढरं तळं, भोक, भोकाशेजारी त्याचा बूट, आणि हसणारा निखिल. बाबांनी डाव्या हातात फोन धरून तो पुन्हा पुन्हा पाहिला. कधी बूट पाहत होते, कधी भोक.

"आठ आहे हे," ते म्हणाले.

मी चादरीच्या सुरकुत्या सारख्या करत राहिले. त्यांनी व्हिडिओ आणखी एकदा पाहिला. मग म्हणाले, "बोलू नको त्याले काही. पन खांदा दुखन त्याचा. शेक म्हनाव."

बाबांना पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, तिथून परत पलंगावर... हे उचलणं वर्षभर मीच करते. वेणी घालताना माझा उजवा हात आता वर जात नाही. बाबांना दिसत नसेल असं नाही, घरात आम्ही दोघंच असतो. राग येतो मला. त्याचाही येतो आणि बाबांचाही येतो, खोटं कशाला बोलू.

शेकायचा निरोप पाठवला. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या, अंगठासुद्धा आला नाही या वेळी. मी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच्या खांद्याला बाम लावला, डावा हात पोचला तेवढाच.

आतून बाबांनी विचारलं, निखिलचं काही आलं का.

आलं, म्हटलं. शेकलं म्हणे त्यानं, आता बरं आहे. आणि हात पुसून त्यांना उचलायला गेले.