दुसरं मोजमाप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही — कदाचित तुम्ही मला चेहऱ्यानं ओळखत नाही म्हणून.

इथे अमेरिकेत, पिस्कॅटवे गावात, आमच्या ओळखीत कुणाला घरी बियर करायची हुक्की आली की मला फोन येतो. मी सांगतो. बादली, नळ्या, बाटल्या आधी निर्जंतुक करून घे, निम्मं काम तिथंच होतं. माल्टचा पाक उकळला की गार होऊ दे, मगच यीस्ट घाल — कढत दुधाला कुणी विरजण लावतं का? आणि बुडबुडे थांबले म्हणजे बियर झाली असं समजू नकोस. हायड्रोमीटर सोड. ही काचेची तरंगती नळी, आत किती साखर उरलीय ते दाखवते. आज मोज, दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोज. आकडा तोच आला तरच बाटल्या भर.

हे शेवटचं सांगताना माझा आवाज उगाच चढतो. का चढतो, ते सांगायचं आहे.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात मी आणि वसंता त्याच्या बेसमेंटमध्ये बियर करायचो. वसंता माझा कॉलेजपासूनचा मित्र, पलीकडच्या गल्लीत राहणारा. त्याची आई पुण्याहून पहिल्यांदाच येणार होती. कडक सोवळ्याची बाई. ती यायच्या आत बादली रिकामी करून बाटल्या लपवायच्या होत्या. नेमका त्याच आठवड्यात वसंता कामासाठी टेक्सासला गेला. किल्ली माझ्याकडे. पहिलं माप त्यानं घेतलं होतं, दुसरं मी घ्यायचं.

मी गेलो. माप घ्यायच्या आधीच ती मापाची काचेची नळी धुताना हातातून निसटली आणि सिंकमध्ये फुटली.

एवढंच. हे सांगायला काय हरकत होती? पण वसंता मला कायम धांदरट म्हणायचा, चारचौघांत म्हणायचा. त्याचा फोन आला.

"काय रे, आकडा?"

"सेम आहे. भर बिनधास्त."

परत आल्यावर त्यानं नेहमीसारखी फेसापुरती साखर घातली आणि आम्ही बाटल्या भरल्या. भारतातून आणलेल्या मोठ्या सुटकेसमध्ये, जुन्या साड्यांत गुंडाळून, वरच्या खोलीच्या कपाटात ठेवल्या. वर उकाडा होता. उकाड्यात बाटलीतला जोर वाढतो, तेही मला कळत होतं.

पुढे एका दुपारी वसंताच्या आईनं कपाटातली ती सुटकेस मागितली. तिला त्यात खरेदी भरायची होती. शैलावहिनी, म्हणजे वसंताची बायको, सासूबाईंच्या आधी धावत वर गेल्या. एक बाटली उचलली आणि ती हातातच फुटली.

उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. शैलावहिनी मंडळात पेटी वाजवायच्या. त्यांची साथ असली की माझ्यासारख्याचाही सूर लागायचा. ती बोटं पुन्हा वळली नाहीत. आई ठरल्याआधीच पुण्याला परत गेली. जाताना मुलाला एवढंच म्हणाली, "सुनेचा हात खाल्लास बाबा."

पण हेही अजून ते नाही, जे सांगायला मी बसलोय.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये वसंता माझ्याशेजारी बसला होता. शर्टवर वहिनींचं रक्त. हळूच म्हणाला, "माझ्याकडून साखर जास्त पडली का रे?"

त्यानं साखर वजन करून घातली होती. मी समोर उभा होतो. मला ठाऊक होतं की बियर पुरती झालीच नव्हती, बाटलीत ती पुन्हा उसळली. तेव्हा तोंड उघडलं असतं तर? नाही — मी तोंड उघडलंच. म्हणालो, "पडली असेल रे. घाईत होतं असं."

त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो.

नंतर दुकानातून तशीच मापाची नळी आणून त्याच्या बियरच्या सामानाच्या डब्यात ठेवली. त्यानं तो डबा कधी उघडलाच नाही. बियर सोडली. मी नाही सोडली. लोक मला जाणकार म्हणतात.

त्या घरात आता पोळ्या वसंता लाटतो. वहिनींना लाटणं धरता येत नाही. गेल्या रविवारी आम्ही तिथे जेवायला होतो. एका नव्या जोडप्यानं वहिनींच्या हाताबद्दल विचारलं. पोळी भाजता भाजता वसंता म्हणाला, "माझा मूर्खपणा. साखर जास्त पडली माझ्या हातून."

"पुरे हो आता, किती वर्षं तेच," वहिनी म्हणाल्या.

माझी बायको म्हणाली, "होतं हो असं, वसंतराव."

मी खाली बघून जेवत होतो. वसंतानं तव्यावरची पोळी काढली, तूप लावलं, आणि माझं पान रिकामं दिसलं म्हणून आधी मला वाढली.

मी ती खाल्ली.