अकरा मिनिटांचं ऊन

मठ अजून अर्ध्या वाटेवर होता. ग्योंगरान पायरीवर थांबली आणि गुडघा चोळत म्हणाली, "तुझ्या संगणकात हा डोंगर जरा खाली घे गं." एरवी इनसुक हसली असती.

वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी दोघी सोलच्या या डोंगरावर चढायच्या, बारा वर्षं झाली. वर हात जोडायचे, लाल चवळीची पेज खायची, उतरायचं. प्यो इनसुकला तर हा एक दिवस वर्षभर पुरायचा. नवी इमारत बांधण्याआधी ती संगणकात उभी करायची, याच दिवसाचा सूर्य तिच्यावरून फिरवायचा आणि शेजारच्या कुठल्या खिडकीला किती ऊन उरतं ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. लहानपण ऊन न पोचणाऱ्या अर्ध्या तळघरात गेलेलं, शाळेचा गणवेश ओलाच अंगावर चढवून. म्हणून हे काम तिने हौसेने धरलं. एकदा तिच्या अहवालामुळे अख्खा मनोरा बालवाडीच्या अंगणापासून चार मीटर मागे सरकला, तेव्हा तिने ऑफिसभर मिठाई वाटली होती.

"पेंग आजीच्या गल्लीचं काम तुझ्याकडेच आलंय ना?" ग्योंगरानने विचारलं.

"झालंसुद्धा."

"मग? आजीला किती ऊन राहतं?"

"अकरा मिनिटं."

ग्योंगरान मटकन खाली बसली. पेंग आजी दोघींच्या जुन्या ओळखीची, चौऱ्याऐंशीची, तळमजल्यावर एकटी. दुपारी खिडकीशी उन्हात पाय पसरून बसायची, तेवढाच तिचा विरंगुळा.

"अगं, दोन तास सलग ऊन राहिलंच पाहिजे, असं तूच सांगायचीस!"

"ज्यांना आधीपासून दोन तास मिळतं, त्यांचं. आजीला आत्ताच एक तास बावन्न मिनिटं मिळतं, समोरच्या जुन्या इमारतीमुळे. म्हणजे कायद्याच्या हिशेबी आजी आधीच सावलीत. तिचं उरलेलं गेलं तर तक्रार टिकत नाही. साहेब म्हणाले, कमीत कमी तक्रारी येतील अशी मांडणी काढ. संगणकाने नऊशे तपासल्या. त्यातली उत्तम म्हणजे मनोरा थोडा वळवायचा आणि सगळी सावली तळमजल्यांवर लोटायची."

"वा! उपाशी माणसाच्याच ताटातलं ओढायचं."

"त्याचं ताट मोजतच नाहीत, ताई."

"दुसरी काही मांडणी नव्हती?"

"होती. दोन मजले कमी करायचे. मी दाखवली. साहेब म्हणाले, पुसून टाक."

"आणि तू?"

"पुसली."

खालून येणारी एक म्हातारी वाट मागत दोघींच्या मधून वर गेली. ग्योंगरान काठी टेकत उठली.

"वर बुद्धापुढे काय सांगणार आहेस?"

"हेच. तो काही विचारत नाही. आजी विचारते."

"विचारणारच. सोमवारी गल्लीच्या दाव्याची सुनावणी आहे, कोर्टात मी नेणार आहे तिला. चांगला कोट बाहेर काढून ठेवलाय. गल्लीभर सांगत सुटलीय, आपली इनसुक आपल्या बाजूने बोलणार म्हणून."

इनसुकचा चेहरा उतरला. चार पायऱ्या ती चढली, मग वळून तिने ग्योंगरानची बाही धरली.

"ताई, नको आणूस तिला. बिल्डरच्या बाजूने अहवाल मलाच वाचायचाय. तिच्यासमोर नाही वाचता येणार. तिला सांग ना, तारीख पुढे गेली. माझ्यावर ती विश्वास ठेवेल, पण दहा प्रश्न विचारील. तू कधी खोटं बोलत नाहीस, तुझं ऐकून गप्प बसेल."