दत्तकासाठी काढलेली मिशी

बायको जाऊन आता सहा महिने झाले. घरात मला येड्यात काढणारं कोणी उरलं नाही, म्हणून ते काम मीच करतो.

गोष्ट इंग्रजांच्या राज्यातली. निपाणीजवळ आमची तंबाखूची जमीन, घरात आम्ही दोघंच. लग्नाला बारा वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, म्हणून दत्तक घ्यायचं ठरलं. बेळगावजवळच्या मच्छे गावचा एक दूरचा भाऊबंद आपला तिसरा मुलगा द्यायला कबूल झाला. पोर तीन वर्षांचं.

माझी शाळा दुसरीपर्यंत. तेवढ्यावर मी स्वतःला अर्धा वकील समजत होतो. स्टॅम्प आणला, दत्तकपत्र लिहून घेतलं, कचेरीत नोंदवलं, वळणदार सही ठोकली. मग घरी कार्यक्रम ठेवला. बाप पोराला माझ्या मांडीवर ठेवायला आला, तोच पोरानं माझी मिशी बघून असा टाहो फोडला की आईच्या पदरात शिरलं ते बाहेरच येईना. मी म्हणालो, "मांडीचं काय घिऊन बसलाय? कागद झालाय. पानं वाढा."

सगळे जेवून गेले. पोर आमच्याकडं राहिलं. पंधरा दिवसांत माझ्या बायकोला आई म्हणायला लागलं. मला बघितलं की दाराआड.

दोन महिन्यांनी माझा चुलतभाऊ पारावर बोलला, "असलं दत्तक कोर्टात टिकायचं न्हाय." मला मूल नसलं तर जमीन त्याच्याकडं जाणार होती, तेव्हा त्यानं चौकशी नीट केली असणार. बायको म्हणाली, "पोर परत गेलं तर मी बी त्याच्यामागनं जाईन. वकिलाला इचारून या."

वकील बेळगावात, अनगोळला राहायचे. कागद वाचून त्यांनी विचारलं, "मुलगा दिला कोणी आणि घेतला कोणी?"

"कागदात हाय की."

"कागद हा दिल्याचा पुरावा. दिलाच नसेल तर पुरावा कशाचा? दत्तकाचा होम नसला तरी तुमच्या जातीत चालतं. पण बापानं हातानं द्यायला हवा आणि तुम्ही घ्यायला हवा, चार माणसांदेखत. एकदा दिला की परत नेता येणार नाही, हे त्याच्या आईलाही नीट सांगा."

"माझ्या बायकोची सही लागंल?"

"तिला विचारायची कायद्याला गरज नाही."

घरी येऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कायद्याला नसंल. तुमी मिशी काढा."

"घरात कोण मेलंय म्हणून काढू?"

"कोण मेलं न्हाय. पोर यायचंय."

मच्छ्याची माणसं परत बोलावली, आणि ती आली त्या सकाळी मिशी काढली. दुपारपर्यंत निम्मं गाव तोंड पाडून दारात. चुलतभाऊ सगळ्यांच्या पुढं.

"कोण गेलं रं?"

"माझी अक्कल. आत या, साक्षीला माणसं लागत्यातच."

सुतकाला म्हणून आलेली माणसं घोंगड्यावर बसली. परत नेता येणार नाही, हे मी पोराच्या आईला सगळ्यांसमोर सांगितलं. तिनं डोळ्याला पदर लावला, पण मान हलवली. बापानं पोर उचलून माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "दिला." पोर रडलं नाही. माझ्या उघड्या ओठावर बोट फिरवत बसलं. आता माझी पाळी, आणि मी त्या बोटाकडंच बघत राहिलो.

"अवो, घेतला म्हणा," दारातनं बायको म्हणाली.

"घेतला," मी म्हणालो.

कायद्यानं पोर माझं झालं, आणि लगेच मांडीवरनं उतरून तिच्याकडं गेलं.