दिवसाउजेडी आग

रॉकेल तोंडात घेतलं की आधी थंड लागतं. मग हिरड्या बधिर होतात, मग लाळ सुटते, इतकी की तोंड फुगतं, आणि ती गिळायची सोय नसते. मला हे कळलं ते मावशीच्या भाच्यामुळे. तो मला फुंकायला शिकवत होता, मीरा रोडजवळच्या चेणे गावातल्या आमच्या खोलीच्या मागे, साध्या पाण्यावर. "थुंकी नको, फवारा पायजे," असं म्हणत तो बाटली पुढे करायचा. एकदा त्याने मला न सांगता बाटली बदलली. मी ओकलो तेव्हा तो हसत हसत खाली बसला. "आता पास झाला तू," म्हणाला. "पहिल्यांदा सगळेच ओकतात."

मावशी म्हणजे आमच्या टोळीची मालकीण. माझी नात्याची कुणी नाही. तिचा भाचा साखळीला बांधलेले पेटते गोळे फिरवतो, आणखी एकजण तोंडाने आग फुंकायचा. तो तोंडात फोड घेऊन गावी गेला आणि परत आलाच नाही. म्हणून मी. त्याआधी मी नुसती लाठी फिरवायचो आणि आगीच्या वेळी ओलं गोणपाट घेऊन कडेला उभा राहायचो.

"हळदीच्या ऑर्डरला तू फुंकायचं," मावशी म्हणाली होती. "नाय जमणार तर आत्ताच सांग, मी दुसरा माणूस आणते. पण मग माळ्यावर तुझ्या जागी तो झोपणार. जागा एकच आहे, तुला माहितीये."

रागावून नव्हती म्हणाली. तांदूळ निवडता निवडता म्हणाली. त्यामुळे मी जास्त घाबरलो.

मी आठवीतून शाळा सोडली. आमचं गाव कोल्हापूरच्याही पलीकडे. तिथल्या तालमीत लाठी शिकलो आणि बनाटीही. बनाटी म्हणजे लाठीच्या दोन्ही टोकांना जुन्या धोतराचे बोळे बांधून पेटवायचे आणि फिरवायची. पण ती वर्षातून एका रात्री. वस्तादांचा दंडक होता की ज्याची लाठी न पेटवता बघण्यासारखी आहे, त्यानेच बनाटीला हात लावायचा. इकडे वॉचमनच्या नोकरीसाठी आलो. ती नोकरी गेली आणि राहायची खोलीही तिच्याबरोबर गेली. सवय सुटू नये म्हणून एका मोकळ्या प्लॉटवर सकाळी लाठी फिरवत होतो, तिथे मावशीने मला बघितलं. "जेवलास का?" हे तिचं माझ्याशी पहिलं वाक्य. पुढे मला कावीळ झाली तेव्हा तिने माळ्याच्या शिडीवर उभं राहून मला पेज भरवली आहे. आडनाव अजून विचारलेलं नाही. अशा बाईला 'नाही जमणार' कसं सांगायचं?

आणि सांगायचं तर होतंच. कारण मला आगीच्या खेळाची किळस येते. भीती वाटते हे खरं, भीती मला लिफ्टचीही वाटते. पण ही किळस आहे.

संध्याकाळी मीरा रोडला जिथे जिथे माणसं आईस्क्रीम खात फिरतात, तिथे आता एक तरी आगवाला असतोच. सगळ्यांचं एकच. आधी गोल, मग आठाचा आकडा, मग परत गोल, मग "जान हथेली पे रखके" वगैरे भाषण, आणि शेवटी फुंकर. एकाने गालातून दाभण घातला की पुढच्या शनिवारी दुसरा छातीवर ट्यूबलाइट फोडतो, तिसरा काच चावून दाखवतो आणि लाल थुंकी पेव्हर ब्लॉकवर टाकतो. पोरं खोकत असतात, केस जळाल्याचा वास शेजारच्या भेळेत उतरतो. आणि बघणारे बघत नसतातच, फोन उंच धरून उभे असतात. एकदा मी भाच्याला म्हणालो, "आग असली की हात दिसत नाहीत. कुणीही फिरवलं तरी सारखंच दिसतं."

"तेच तर पायजे ना," तो म्हणाला. "हात कोण बघतो तुझे? तू काय नवरी आहेस?"

हळद पूनम सागरमधल्या एका सोसायटीत होती. कंपाउंडमध्ये पिवळे पडदे, झेंडूच्या माळा, मधे पाटावर नवरा मुलगा. कुटुंब लालबागहून इकडे राहायला आलेलं. सगळा कारभार नवऱ्या मुलाच्या मामांकडे. ऊन चांगलं डोक्यावर होतं.

"साहेब, आग अंधारात चांगली दिसते," मावशी म्हणाली. "दिवेलागणीला केली तर?"

"अहो मावशी, संध्याकाळी संगीत आहे, डीजे येतोय. आत्ताच करा. नाही दिसली तर पोरं एडिटिंगमध्ये वाढवतील."

मावशीने मान हलवली. मी आधी लाठी फिरवली. बायका उखाण्यांत होत्या, पोरं लस्सीच्या टेबलाजवळ. एका बाईने मधूनच जात म्हटलं, "जरा हळू हं दादा, पडद्याला लागेल." तेवढीच दाद.

मग भाचा पुढे आला. त्याने त्या दिवशी स्वतःचं डोकं चालवलं होतं. मागच्या एका हळदीत रॉकेलच्या काजळीचे ठिपके कुणाच्या तरी साडीवर पडले होते आणि शिव्या खाव्या लागल्या होत्या. म्हणून गोळ्यांसाठी त्याने रंगाच्या दुकानातून स्पिरिट आणलं होतं. धूर नाही, काजळी नाही. त्याची ज्योत फिकी निळी असते, उन्हात ती दिसतच नाही, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्ही दिवसा कधी आग केलीच नव्हती.

त्याने गोळे डब्यात बुडवले, पेटवले, फिरवायला लागला. काही दिसेना.

"पेटलं का नाय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"चार्जिंग संपलं वाटतं."

पोरं हसली. भाच्याची कानशिलं तापली. तो आणखी जोरात फिरवू लागला, आणखी काहीच दिसेना. माझी पाळी लगेच नंतर होती, म्हणून त्याने खूण केली तसं मी रॉकेल तोंडात भरलं आणि मशाल हातात घेऊन उभा राहिलो. मशाल अजून पेटवलेली नव्हती. तोंड फुगलेलं, डोळ्यांतून पाणी, आणि मनात एकच की आज फुंकलं नाही तर माळा गेला.

भाचा थांबला. गोळ्यांकडे बघून म्हणाला, "विझले च्यायला," आणि परत बुडवायला डब्याकडे वळला. डब्याचं झाकण उघडंच होतं. डब्यापलीकडे चादरीवर बायका बसल्या होत्या.

मला गोळ्यामागचा पिवळा पडदा हलताना दिसला. वारा नव्हता. फक्त गोळ्याच्या वरचा तेवढाच भाग पाण्याखाली असल्यासारखा लवलवत होता. गोळे विझलेले नव्हते.

ओरडायला तोंड मोकळं नव्हतं. मी मशाल टाकली, गोणपाट उचललं, आणि उचलता उचलता तोंडातलं सगळं आगीपासून दूर, बाजूला थुंकलं. बाजूला हळदीचं ताट होतं.

गोणपाट गोळ्यांवर आणि भाच्याच्या दोन्ही हातांवर पडलं. चर्र आवाज झाला. पण तो ऐकला कुणी? सगळ्यांनी बघितलं ते एवढंच की खेळ करणारा एक माणूस नवऱ्या मुलाच्या हळदीत थुंकला आणि त्याने दुसऱ्याच्या अंगावर पोतं टाकलं.

पुढे जे झालं ते आठवलं की अजून अंग आक्रसतं. ताटातल्या हळदीवर रॉकेलचा तवंग आणि माझी लाळ. नवऱ्या मुलाची आई ताटाकडे बघत राहिली. मामा बोलले. "अरे, काय माणसं आणलीत ही? थुंकता कुठे, कळत नाही?" मी "पेटलेलं होतं, ते पेटलेलं होतं," एवढंच म्हणत होतो, आणि बोलताना तोंडातून वास येत होता, म्हणून माणसं मागे सरत होती. मावशीने सगळ्यांदेखत माझ्या पाठीत दोन गुद्दे घातले. नवऱ्या मुलाच्या आईच्या पाया पडली. ताट स्वतः उचलून घासलं, भाच्याला हळदीच्या पुड्या आणायला पिटाळलं. नवी हळद कालवली गेली तेव्हा आम्हाला गेटच्या बाहेर जायला सांगितलं होतं.

रिक्षात भाचा मनगट चोळत होता. त्यावरचे केस जळून गेले होते.

"फाटते याची, मावशी. तोंडात घेऊन उभं राहायलापण जमत नाय. ऑर्डर घालवली."

मावशीच्या मांडीवर गोणपाट होतं. तिने ते उलगडलं. आत दोन काळे गोल उमटले होते, अजून कोमट. तिने त्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"डब्यात गेले असते तर?" तिने विचारलं.

भाचा बाहेर बघायला लागला.

"आईशपथ, मला विझलेले दिसले," तो म्हणाला.

"दिसले ना. म्हणूनच म्हणते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा फुंकणार नाय. हा गोणपाट घेऊन उभा राहील."

"आणि फुंकणार कोण?"

"कोणीच नाय. फुंकणं बंद."

"मग गोळे तरी—"

"गोळे अंधारात. आणि हा शेजारी."

"नुसता उभा राहायला माणूस ठेवणार तू? आणि माळा?"

"माळ्यावर कोण झोपतं ते मी बघीन. तू मनगटाला खोबरेल लाव."

तिने मला वाचवलं म्हणू की ठेवून घेतलं म्हणू, मला अजून ठरवता येत नाही. आभार मानायला गेलो असतो तर तिने हाकललंच असतं.

गोळे अजून चालूच आहेत. दिवेलागणीनंतर, रॉकेलवर, काजळीसकट. तोच गोल, तोच आठ. माझी लाठी कार्यक्रमात राहिली नाही, सकाळी एकट्याने फिरवतो. संध्याकाळी भाच्यापासून चार हातांवर ओलं पोतं धरून उभा असतो, आणि तो सगळा वास पहिला माझ्या नाकात जातो. किळस कमी झालेली नाही. हल्ली लोक मला हाताने खूण करतात, "भाऊ, जरा साइडला व्हा ना, व्हिडिओत पोतं येतंय." मी हो म्हणतो आणि तिथेच उभा राहतो.